देवाची इच्छा आणि माणसाची निवड : अभ्यासवर्गात हा विषय कसा हाताळावा

"सगळे देवाने आधीच ठरवून ठेवले असेल, तर आपण प्रार्थना कशासाठी करायची?" हा प्रश्न मंडळीच्या अभ्यासवर्गात केव्हा ना केव्हा निघतोच. तो बहुधा एखादा तरुण मुलगा किंवा मुलगी विचारते, आणि वर्ग घेणारा अवघडला तर "हे देवाचे गूढ आहे" असे सांगून पुढच्या वचनाकडे वळतो. गूढ हा शब्द खोटा नाही, पण तो शेवटी यायला हवा. अभ्यास सुरू होण्याआधीच तो वापरला, तर विचारणाऱ्याला तोंडावर दार लावून घेतल्यासारखे वाटते. पुढील मार्गदर्शन असे वर्ग घेणाऱ्यांसाठी, पाळकांसाठी आणि घरी बायबल उघडून बसणाऱ्या कोणाही विश्वासणाऱ्यासाठी आहे. या विषयाला आठवड्यातून एक अशा पाच-सहा बैठका द्याव्यात. एकाच बैठकीत तो उरकायला गेले, तर वर्ग दोन गटांत फुटून घरी जातो आणि शास्त्र मात्र कोणी नीट वाचलेले नसते.

एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. आपण हा प्रश्न नकळत वजाबाकीसारखा मांडतो: घटनेत देवाचा वाटा जितका मोठा तितका माणसाचा लहान, आणि माणसाचा वाढला की देवाचा घटला. वडिलोपार्जित जमिनीचे भावाभावांत वाटे पडावेत, तसे आपण एकाच घटनेचे देव आणि माणूस यांच्यात वाटे पाडतो. पवित्र शास्त्रात असे वाटे क्वचितच दिसतात. ते घटना देवाने घडवली असे पूर्णपणे म्हणते आणि तीच घटना माणसांनी केली असेही पूर्णपणे म्हणते. हे कसे शक्य आहे यावर मंडळीत सोळाशे वर्षे वाद चालला आहे. पण शास्त्र असे बोलते एवढे पाहण्यासाठी पाने उलटणे पुरेसे आहे. म्हणून आधी शब्द, मग कथा, मग पौलाचे पत्र, मग इतिहास आणि शेवटी आपले स्वतःचे निर्णय व दुःखे, असा क्रम ठेवावा.

शब्द आधी वेगळे करावेत

मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कानावर 'देवाची इच्छा' हे शब्द पडतात ते बहुधा कोणी गेल्यावर, किंवा हातातले काही निसटल्यावर. शेजारच्या घरात ज्या प्रसंगी नशीब, दैव, प्रारब्ध हे शब्द उच्चारले जातात, त्याच प्रसंगी ख्रिस्ती घरात 'देवाची इच्छा' म्हटले जाते, आणि पुष्कळदा शब्द बदलला तरी मनातला अर्थ तोच राहतो. पहिल्या बैठकीत हा गुंता सोडवावा. प्रारब्ध म्हणजे पूर्वकर्माचे फळ, जे भोगूनच संपवायचे असते. नशिबामागे तर कोणी उभेच नसते, त्यामुळे त्याला विनवता येत नाही. ख्रिस्ती विश्वासात मात्र इच्छा म्हटली की ती कोणाची तरी असते: जो ऐकतो, रागावतो, कळवळतो, आणि निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केल्यावर योनाच्या तोंडून घोषित केलेला नाश आणत नाही, त्या देवाची. त्याच्याशी बोलता येते. आरंभीचा प्रार्थनेचा प्रश्न इथेच थोडा हलका होतो.

मग या शब्दांचे शास्त्रातील निरनिराळे उपयोग दाखवावेत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (4:3) पौल म्हणतो की तुमचे पवित्रीकरण ही देवाची इच्छा आहे. इथे इच्छा म्हणजे देवाला जे आवडते आणि तो जे आज्ञापितो ते. ही इच्छा माणूस रोज मोडतो. लूक 7:30 मध्ये तर परूशी आणि शास्त्री यांनी आपल्याविषयीचा देवाचा संकल्प नाकारला, असे स्पष्ट लिहिले आहे. उलट इफिसकरांस पत्र 1:11 मध्ये देव आपल्या इच्छेच्या संकल्पाप्रमाणे सर्व काही चालवतो असे आहे, आणि ती इच्छा कोणी हाणून पाडू शकेल असे पौलाला वाटत नाही. जुन्या धर्मपंडितांनी पहिलीला प्रकट इच्छा आणि दुसरीला गुप्त इच्छा म्हटले, आणि आधार म्हणून अनुवाद 29:29 पुढे केले: गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, प्रकट केलेल्या मात्र आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या आहेत, त्या आपण पाळाव्यात म्हणून. तिसरा उपयोग आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे: मी कोणती नोकरी धरावी, लग्न कोणाशी करावे, याविषयीची देवाची इच्छा. शास्त्रात हा उपयोग फार थोडा आढळतो, आपल्या प्रार्थनांत मात्र तोच सर्वांत जास्त असतो. वर्गातील प्रत्येकाने आपला प्रश्न या तिघींपैकी कोणत्या इच्छेविषयी आहे ते कागदावर लिहावे. पुष्कळांना लिहिता लिहिताच कळते की आपण पहिलीविषयी विचारत होतो आणि उत्तर दुसरीतून शोधत होतो.

'स्वातंत्र्य' या शब्दाचेही असेच आहे. मला कोणी हात धरून करायला लावले नाही, हे एक स्वातंत्र्य. जे चांगले आहे ते मला मनापासून हवेसे वाटते आणि माझ्या हातून घडते, हे दुसरे. दारूच्या आहारी गेलेला माणूस गुत्त्याकडे स्वतःच्या पायांनी जातो. पहिल्या अर्थाने तो मोकळा आहे, दुसऱ्या अर्थाने नाही. जो पाप करतो तो पापाचा दास आहे, हे योहान 8:34 मधील येशूचे वचन दुसऱ्या अर्थाविषयी आहे. डच विद्वान इरॅस्मसने 1524 मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1525 मध्ये इच्छेच्या दास्यावर लिहून त्याला उत्तर दिले, त्या वादात हे दोन अर्थ सतत एकमेकांवर आदळतात. माणसाला काहीच करता येत नसेल तर देवाच्या आज्ञांना अर्थ काय उरतो, ही इरॅस्मसची काळजी होती. तारणाचे श्रेय तिळभरही माणसाच्या पदरी पडू नये, ही ल्यूथरची. रोजच्या व्यवहारात माणूस निवड करतो हे ल्यूथरने नाकारलेले नव्हते, हे वर्गाला आवर्जून सांगावे, कारण त्याच्या नावावर भलतेच काही खपवले जाते.

कथा हातात पेन घेऊन वाचाव्यात

बहुतेक वर्ग थेट रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाला हात घालतात. तसे करू नये, कारण तिथे युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद वाचताना प्रत्येक जण आपली बाजू शोधत असतो. कथेत माणूस आधी ऐकतो. कागदावर दोन रकाने आखावेत. कथेत देवाने केले म्हणून जे सांगितले आहे ते एकात आणि माणसांनी केले म्हणून जे सांगितले आहे ते दुसऱ्यात लिहावे. एकच घटना दोन्हीकडे आली तर ती दोन्हीकडे लिहावी, एकीकडून खोडू नये.

आरंभ योसेफापासून करावा. भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकले, आणि बऱ्याच वर्षांनी मिसरात तो त्यांना म्हणाला की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले (उत्पत्ती 50:20). मूळ इब्री वाक्यात दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. भावांनी बिघडवले आणि देवाने मागाहून सावरले, इतकेच योसेफाला म्हणायचे असते तर दुसरे क्रियापद चालले असते. एकाच कृत्यात दोन हेतू होते आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध होते. त्यामुळे भावांचा दोष कमी झाला काय? बेचाळिसाव्या अध्यायात ते आपसात कबूल करतात की आपण भावाविषयी खरोखर अपराधी आहोत, आणि योसेफ ती कबुली कोठेही खोडून काढत नाही.

फारोची कथा याहून कठीण आहे आणि ती टाळू नये. निर्गमच्या चौथ्या व सातव्या अध्यायांत परमेश्वर मोशेला आधीच सांगतो की मी फारोचे मन कठीण करीन. परंतु पीडा सुरू झाल्यावर 8:15 आणि 8:32 मध्ये फारोने स्वतः आपले मन कठीण केले असे आहे. परमेश्वराने ते कठीण केले असे निवेदन पहिल्यांदा 9:12 मध्ये येते. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, 9:34 मध्ये, पुन्हा फारो स्वतःच ते कठीण करतो. काही वाचक 8:15 धरतात आणि म्हणतात की देवाने फारोला त्याच्याच हट्टाच्या हवाली केले. काही वाचक चौथा अध्याय धरतात आणि देवाचा शब्द आधी होता याकडे बोट दाखवतात. दोन्ही वाचने रकान्यात लिहून ठेवावीत. माझा स्वतःचा कल पहिल्या वाचनाकडे आहे, परंतु दुसऱ्याला आधार नाही असे मी वर्गात कधी म्हणत नाही.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायाला. माझ्या अनुभवात हा विषय उलगडण्यासाठी याच्यासारखे दुसरे ठिकाण नाही, आणि तरी या संदर्भात तो फारसा वाचला जात नाही. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. क्रेत बेटाजवळ तो इशारा देतो की पुढे जाण्यात धोका आहे, पण शताधिपती तारवाच्या मालकाचे ऐकतो. मग वादळ येते आणि अनेक दिवस सूर्य किंवा तारे दिसत नाहीत. अशा वेळी देवदूत पौलाला सांगतो की तुझ्याबरोबर असलेल्या सर्वांचे प्राण देवाने तुला दिले आहेत, आणि पौल ते सर्वांना जाहीर करतो: तारू जाईल, पण एकाही जिवाचा नाश होणार नाही. हे वचन बिनशर्त आहे. त्यानंतर चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी समुद्रात सोडून पळून जाऊ पाहतात, आणि तोच पौल शताधिपतीला म्हणतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही (27:31). शिपाई होडीचे दोर कापतात. पौल सर्वांना खायला लावतो, उरलेला गहू समुद्रात टाकला जातो, शिपायांचा कैद्यांना मारून टाकण्याचा बेत शताधिपती मोडतो, कोणी पोहत तर कोणी फळ्यांवरून किनारा गाठतो, आणि 276 पैकी सर्व जण जमिनीला लागतात.

इथे थांबून वर्गाला विचारावे: एकही प्राण जाणार नाही हे देवाने सांगितलेले होते, मग खलाशी राहतात की पळतात याने काय बिघडणार होते? काही वेळ शांतता पसरेल. तिला घाबरू नये. पौलाला या दोन वाक्यांत विसंगती दिसली नाही. उलट देवाचे वचन हातात होते म्हणूनच तो दोर, अन्न आणि माणसे यांकडे इतके लक्ष देऊ शकला. वचन ज्या मार्गाने पूर्ण होणार होते त्या मार्गात शिपायांचा कोयताही होता. "मग प्रार्थना कशाला?" या प्रश्नाकडे वर्ग आता पुन्हा वळला, तर प्रार्थनाही त्या दोराजवळ ठेवून पाहण्यास सांगावे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील कईलाची घटना (23:7-13) लहान आहे, पण पुढे इतिहासात लागेल. दावीद परमेश्वराला विचारतो की शौल येईल काय आणि या गावचे लोक मला त्याच्या हाती देतील काय. उत्तर येते: येईल, देतील. दावीद गाव सोडतो, शौल येत नाही आणि कोणी त्याला धरून देत नाही. न घडलेली गोष्टही देवाला ठाऊक होती. शेवटी वधस्तंभ. पेत्राच्या पहिल्या उपदेशात (प्रेषित 2:23) येशू देवाच्या ठाम संकल्पानुसार व पूर्वज्ञानानुसार स्वाधीन केला गेला आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातांनी मारले, ही दोन्ही विधाने एकाच वाक्यात आहेत. चौथ्या अध्यायातील प्रार्थनेत हेरोद आणि पंतय पिलात यांची नावेही येतात. जगातील सर्वांत मोठे पाप आणि देवाचे सर्वांत मोठे दान एकाच दुपारी, एकाच टेकडीवर घडले, असे ख्रिस्ती विश्वास म्हणतो; या विषयावरचे कोणतेही उत्तर या वाक्याला पुरे पडते का, हे पाहावे.

रोमकरांस पत्र, नऊ ते अकरा

हे तीन अध्याय एका बैठकीत, मोठ्याने आणि न थांबता वाचावेत. फक्त नववा वाचणे हा अन्याय आहे. नवव्यात देव ज्याच्यावर दया करू इच्छितो त्याच्यावर दया करतो, कुंभाराचा मातीवर अधिकार आहे. दहाव्यात जो कोणी प्रभूचे नाव घेऊन धावा करील त्याचे तारण होईल, आणि देव आज्ञाभंजक लोकांकडे दिवसभर हात पसरून उभा आहे. अकराव्यात जैतुनाचे झाड, तोडलेल्या व कलम केलेल्या फांद्या, आणि देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना अवज्ञेत कोंडले हे विधान. वाचन संपल्यावर, पौल हे का लिहीत होता, एवढाच प्रश्न ठेवावा. त्याच्या स्वतःच्या लोकांनी मसीहाला नाकारले होते आणि त्याला त्याचे अखंड दुःख होते, हे तो आरंभीच सांगतो. प्राचीन मंडळीचा शिक्षक ऑगस्टीन आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन यांनी या अध्यायांतून एकेका व्यक्तीची निवड वाचली. इतर अनेकांनी लोकसमूहांची आणि देवाच्या इतिहासातील कार्याची निवड वाचली. कुंभाराचा दृष्टान्त पौलाच्या आधी यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात येतो, आणि तिथे कुंभार बिघडलेल्या मातीचे पुन्हा दुसरे भांडे करतो. लोक वळले तर आपणही ठरवलेले अरिष्ट आणणार नाही, असे परमेश्वर तिथेच सांगतो. तो अध्याय शेजारी उघडा ठेवावा.

वादाचा इतिहास किती सांगावा

एका बैठकीपुरता सांगावा, आणि पंथांची नावे शक्य तितकी उशिरा घ्यावीत. कॅल्विनवादी (देवाची निवड बिनशर्त मानणारे), आर्मिनियन (माणूस कृपा नाकारू शकतो असे मानणारे) ही नावे एकदा उच्चारली की लोक वाचायचे थांबतात आणि बाजू घेऊ लागतात.

वादाची ठिणगी एका प्रार्थनेवरून पडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354 ते 430) याने देवाला म्हटले होते की तू जे आज्ञापितोस ते करण्याचे बळ दे, आणि मग तुला हवे ते आज्ञापी. रोममध्ये शिकवणाऱ्या पेलागियसला हे ऐकवले नाही. देवच सगळे देणार असेल तर माणूस प्रयत्न कशाला करील, असे त्याला वाटले. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या शिकवणीचा निषेध केला. 529 मध्ये दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथील परिषदेने सांगितले की विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेने होतो, परंतु देवाने कोणाला दुष्कर्मासाठी नेमले आहे ही कल्पना तिने तितक्याच कडक शब्दांत नाकारली. या दुसऱ्या वाक्याचा लोकांना विसर पडतो, म्हणून ते फळ्यावर लिहावे. पूर्वेकडील मंडळ्यांनी हा वाद या रूपात कधी घातलाच नाही. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांच्या सहकार्याविषयी त्या आजही बोलतात.

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. 1547 मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने ठरवले की देवाने हलवलेली माणसाची इच्छा कृपेला संमती देते आणि ती नाकारूही शकते. नेदरलँड्समध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये आपली पाच कलमे मांडली, आणि 1618-19 मध्ये डॉर्ट येथील सभेने बिनशर्त निवडीच्या बाजूने त्यांना उत्तर दिले. दरम्यान कॅथलिक मंडळीतही येशूसंघाचा मोलिना आणि डॉमिनिकन संघाचा बान्येस यांच्या अनुयायांमध्ये हाच तंटा चालला होता. कोणत्या परिस्थितीत कोण काय निवडील हे देवाला ठाऊक असते आणि त्या ज्ञानाच्या आधारे तो जग चालवतो, असे मोलिनाने 1588 मध्ये मांडले. कईलाची घटना त्या मताला आधार म्हणून सांगितली जाते. रोममध्ये अनेक वर्षे चौकशी चालली आणि 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी ती निर्णयाविना मिटवली. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर पाखंडाचा ठपका ठेवू नये, एवढाच आदेश दिला. उत्तर न देण्याचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

वर्गात अठराव्या शतकातील जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड या दोन इंग्रज उपदेशकांची मैत्री जरूर सांगावी. 1739 च्या सुमारास दोघांत या प्रश्नावरून जाहीर वाद झाला, वेस्ली सर्वांसाठी असलेल्या कृपेच्या बाजूने आणि व्हाइटफील्ड निवडीच्या बाजूने. पुढे समेट झाला, आणि 1770 मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मृतीप्रीत्यर्थ उपदेश केला तो वेस्लीने. आपल्याकडे याचे जिवंत रूप आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांचे लोक एका मंडळीत आले. यांपैकी काहींचे पूर्वज डॉर्टच्या बाजूने उभे राहिले असते आणि काहींचे वेस्लीच्या. आज ते एकाच बाकावर बसून एकच प्रभूभोजन घेतात, आणि वर्गातील कोणाचे मत पटले नाही तर त्या बाकाकडे पाहावे.

गेथशेमाने

इतिहासानंतर लगेच व्यवहाराकडे वळू नये; मध्ये एक संध्याकाळ लूक 22:39-46 साठी राखून ठेवावी. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनंती करतो आणि मग आपल्या इच्छेप्रमाणे नको, पित्याच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणतो. सातव्या शतकात या वचनावरून फार मोठा वाद झाला. ख्रिस्तामध्ये एकच, दैवी इच्छा होती, असे मानले की सगळे सोपे होईल, असे कॉन्स्टँटिनोपलच्या सत्ताधाऱ्यांना वाटत होते. मॅक्सिमस नावाच्या साधूने त्याला विरोध केला. बागेत जी इच्छा मरणापुढे कापली ती माणसाची इच्छा होती, आणि ती नसती तर आपल्या इच्छेचे तारण झालेच नसते, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा आहे. त्यासाठी त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला, आणि 662 मध्ये हद्दपारीत तो मरण पावला. अठरा-एकोणीस वर्षांनी, 680-81 मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने ख्रिस्तामध्ये दोन इच्छा आहेत, दैवी आणि मानवी, आणि मानवी इच्छा नष्ट न होता दैवी इच्छेच्या अधीन आहे, हे मान्य केले.

या सगळ्या विषयाचा कणा मला इथे दिसतो. वजाबाकीचा हिशेब खरा असता, तर जिथे देव पूर्णपणे उपस्थित आहे तिथे माणसाची इच्छा शून्य व्हायला हवी होती. परंतु ख्रिस्ती विश्वास नेमके त्याच ठिकाणी माणसाची इच्छा सर्वांत पूर्ण आणि सर्वांत मोकळी होती असे म्हणतो. वर्गात कोणी "देवाची इच्छा पाळायची म्हणजे माझी इच्छा मारून टाकायची ना?" असे विचारले, तर त्याला या बागेत आणावे. येशूने आपली इच्छा लपवली नाही, ती आधी बोलून दाखवली. फिलिप्पैकरांस पत्र 2:12-13 त्याच संध्याकाळी वाचावे: आपले तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच साधतो. पौल इथे 'जरी' म्हणत नाही, 'कारण' म्हणतो.

निर्णयाच्या वेळी

नारायण वामन टिळक यांची हकीकत मराठी वर्गाला जवळची आहे. 1893 च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी वाचायला घेतले, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे भाकीत होते म्हणून घडले, की त्यांनी निवडले म्हणून? दोन रकान्यांचा कागद इथेही काढावा. त्याहून मोलाचा भाग लक्ष्मीबाईंचा आहे. त्या पतीच्या मागे लगेच गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, रागावल्या, विचार केला, आणि जवळजवळ पाच वर्षांनी स्वतःच्या मनाने आल्या. देवाच्या बोलावण्याला घाई नसते, आणि एकाला आलेले बोलावणे दुसऱ्याच्या वतीने कोणी स्वीकारू शकत नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. माझ्या वर्गात पूर्वी येणाऱ्या एका मुलीला वडीलधाऱ्या माणसाने सांगितले होते की अमक्याशी तुझे लग्न व्हावे अशी देवाची इच्छा आहे, त्याला प्रार्थनेत तसे दाखवले गेले आहे. तिला ते स्थळ नको होते, आणि नाही म्हटले तर आपण देवालाच नाही म्हणतो या भीतीने ती आजारी पडली. अशा वेळी स्पष्ट सांगावे की दुसऱ्याच्या आयुष्याविषयीची देवाची गुप्त इच्छा आपल्याला कळली असा दावा करून संमती मिळवणे हे चूक आहे. सल्ला द्यावा, प्रार्थना करावी, आणि निवड ज्याची त्याच्याकडे राहू द्यावी.

स्वतःच्या निर्णयासाठी आधी प्रकट इच्छेची कसोटी लावावी: यात खोटेपणा, लाचलुचपत, कोणाची फसवणूक आहे काय? असेल तर पुढे शोधण्यासारखे काही नाही. दोन चांगल्या मार्गांतून निवडायचे असेल, तर येशूसंघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याची पद्धत उपयोगी पडते. वसई, मुंबई आणि गोव्यातील कॅथलिक वाचकांना ती रिट्रीटमधून परिचित असेल. 1521 मध्ये पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आले की शौर्याच्या स्वप्नांनंतर मन कोरडे पडते आणि संतांच्या मार्गाने जाण्याच्या विचारांनंतर आनंद टिकून राहतो. त्याने पुढे शिकवले की मन शांत असताना दोन्ही मार्गांचे फायदे व तोटे लिहावेत. एखाद्या अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला तर त्याला काय सांगू ते पाहावे. मरणाच्या वेळी कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल ते पाहावे. आणि मन उदास, कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. त्यानंतर ठरवावे आणि ठरवलेले देवापुढे ठेवावे. याकोबाने शिकवलेले 'प्रभूची इच्छा असेल तर' (4:15) हे शब्द बेत करू नका असे सांगत नाहीत. ते बेत करणाऱ्या माणसाच्या तोंडी आहेत.

दुःखाच्या घरी

इथे या विषयाचा सर्वाधिक गैरवापर होतो, म्हणून शेवटची बैठक याच्यासाठी ठेवावी. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असे समजू नका, असे येशूने सांगितले (लूक 13:4), आणि त्यांच्या मरणाचे कारण मात्र सांगितले नाही. लाजाराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो त्याच्या कबरेजवळ रडला. आपल्याला तर पुढचे काहीच ठाऊक नसते. तरुण मुलाच्या मृतदेहाजवळ उभे राहून त्याच्या आईला 'ही देवाची इच्छा होती' असे सांगू नये. तुमचा धर्मसिद्धान्त कोणताही असो, त्या घटकेला ते वाक्य तिला देवच मारेकरी असल्यासारखे ऐकू येते. जावे, जवळ बसावे, स्वयंपाकाचे आणि दफनाचे पाहावे. त्या आईच्याच तोंडून 'देवाची इच्छा' निघाले, तर दुरुस्त करू नये. तिला त्या शब्दांचा आधार असेल. महिना-दोन महिन्यांनी तिने बोलावले तर तेरावे स्तोत्र सोबत घेऊन जावे, ज्याचा आरंभ 'हे परमेश्वरा, कोठवर?' असा आहे, आणि ते तिलाच मोठ्याने वाचू द्यावे.